सामायिक मसुदा आणि संशोधन-मार्गदर्शन

संशोधन-मार्गदर्शन हा मुळात दोन व्यक्तींमधील दीर्घ संवाद होय. प्रबंधाची टंकलिखित प्रकरणे मार्गदर्शकाकडे जात व समासातील शेऱ्यांसह परत येत, तेव्हा त्या संवादाच्या खुणा कागदावर उमटत. पक्की प्रत सिद्ध झाली की त्या बहुधा रद्दीत जात. संगणकाच्या जाळ्यावरील सामायिक दस्तऐवजाने हा क्रम पालटला. एकच मजकूर दोघांनी दूर राहून हाताळण्याचे प्रात्यक्षिक डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे दाखविले होते; २००६ मध्ये गूगल डॉक्स अवतरल्यावर ही सोय विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आली.

अशा दस्तऐवजात मार्गदर्शकास तीन मार्ग खुले असतात. तो मजकूर थेट बदलू शकतो. मूळ वाक्य दिसत ठेवून बदल सुचवू शकतो. अथवा समासात केवळ शेरा लिहू शकतो. हा भेद निव्वळ तांत्रिक नव्हे. सदोष वाक्य परस्पर दुरुस्त केल्यास मजकूर सुधारतो, विद्यार्थी सुधारेलच असे नाही. 'तुकारामांच्या अभंगांत लोकभाषा आढळते' या विधानापुढे 'कोणत्या गाथेच्या आधारे? पाठभेद पाहिले काय?' असा शेरा आला, तर विद्यार्थ्यास पुन्हा ग्रंथालयाची पायरी चढावी लागते. मार्गदर्शनाचे फलित ते हेच.

दुसरा प्रश्न कर्तृत्वाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंध मौलिक असल्याचे प्रतिज्ञापत्र विद्यार्थ्यास द्यावे लागते. कोणते वाक्य कोणी, केव्हा लिहिले वा बदलले याची नोंद दस्तऐवजाच्या इतिहासात राहत असल्याने, विचार कसा वाढत गेला हे दाखविता येते. तथापि ही साक्ष अपुरी आहे. बाहेरून उचललेले पानभर लेखन एकदम चिकटविले, तर ते केव्हा आले एवढेच नोंद सांगते. कोठून आले, हे नाही.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत संशोधन करणाऱ्यास दूरस्थ तज्ज्ञाचे साहाय्य यामुळे सुलभ होते. मात्र लेखन युनिकोडमध्ये असावे. जुन्या टंकांतील देवनागरी तेथे निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात उमटते.

अखेरीस एक मर्यादा ध्यानी घ्यावयास हवी. प्रत्येक खोडाखोड मार्गदर्शकाच्या दृष्टीस पडणार, या जाणिवेने विद्यार्थी धीट विधान करण्यास कचरतो. म्हणून पहिला कच्चा खर्डा त्याने स्वतःपाशीच ठेवावा आणि विचारास काही आकार आल्यावर तो सामायिक करावा. चुकण्यासही थोडा एकांत लागतो.