पाण्यातून वर आलात, आता जरा बसा

मालवणच्या तीन दिवसांच्या सहलीचा बेत आता जवळपास ठरलेला असतो. सकाळी स्कूबा, दुपारी सुरमईची थाळी, संध्याकाळी तारकर्लीच्या वाळूवर धावाधाव आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मनोहर-मनसंतोषगड. व्यायामाचं वेड असलेली मंडळी तर खोलीत बॅगा टाकायच्या आत जिमची चौकशी करतात. गड चढणं चांगलं, धावणंही चांगलं. फक्त पाण्यातून वर आल्यावर किती वेळाने, हे सहसा कुणी विचारत नाही.

हौशी पाहुण्यांनी घाबरून जाऊ नये. मालवणात पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्याला जी डाइव्ह मिळते ती उथळ पाण्यातली, थोड्या मिनिटांची, गाइडने सिलिंडरला धरून फिरवलेली असते. तेवढ्यात अंगात मुरणारा नायट्रोजन किरकोळ असतो. दुपारभर आराम केला, पाणी प्यायलं की काम भागतं. प्रश्न खरा आहे तो रीतसर सर्टिफिकेट घेऊन कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर किंवा अंदमानात जाणाऱ्यांचा. ही मंडळी दिवसाला दोन-तीन डाइव्ह करतात, 18 ते 30 मीटरपर्यंत उतरतात आणि तब्येतीची काळजी घेणारी असल्यामुळेच संध्याकाळचा व्यायाम चुकवत नाहीत.

समुद्रात दर 10 मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. म्हणजे 30 मीटरवर अंगावर चौपट दाब असतो आणि सिलिंडरमधली हवाही त्याच दाबाने फुप्फुसात जाते. हवेतला 78 टक्के नायट्रोजन शरीराच्या काही कामाचा नाही, पण दाबाखाली तो रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत राहतो. वर येताना दाब उतरला की त्याला बाहेर पडायचं असतं. हळूहळू वर आलं, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबलं, तर बराचसा नायट्रोजन श्वासावाटे निघून जातो. बराचसा, सगळा नव्हे. सगळे नियम पाळून वर आलेल्या डायव्हरच्या छातीवर अल्ट्रासाउंड लावलं, तरी हृदयाच्या उजव्या कप्प्यात बारीक बुडबुडे दिसू शकतात. त्याला काही होत नसतं, कारण फुप्फुसांच्या केशवाहिन्यांची गाळणी ते बुडबुडे अडवते आणि तिथला वायू श्वासाबरोबर बाहेर पडतो.

जोरदार व्यायाम या व्यवस्थेला दोन ठिकाणी धक्का देतो. स्नायू आवळतात, सांधे वळतात तेव्हा आत कुठे कुठे क्षणभर दाब घटतो आणि नवे बुडबुडे धरायला जागा मिळते. दुसरा धक्का जास्त काळजीचा. धाप लागली की हृदय कितीतरी जास्त रक्त फुप्फुसांकडे ढकलतं आणि एरवी मिटलेल्या काही आडवाटेच्या रक्तवाहिन्या उघडतात. त्या वाटेने बुडबुडे गाळणी चुकवून धमन्यांत शिरू शकतात. साधारण दर चार माणसांमागे एकाच्या हृदयात जन्मापूर्वीचं एक छोटं छिद्र पूर्ण बुजलेलं नसतं. अशा माणसाने श्वास रोखून वजन उचललं, की उजवीकडचा दाब चढून तेही दार किलकिलं होतं. शिरेतला बुडबुडा बहुतेकदा निरुपद्रवी असतो. मेंदूकडे किंवा मज्जारज्जूकडे निघालेल्या बुडबुड्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

स्कूबा अस्तित्वात येण्याच्या खूप आधी ही गोष्ट मजुरांनी भोगली आहे. 1870 साली अमेरिकेत सेंट लुईस इथे मिसिसिपी नदीवर जेम्स ईड्स यांचा पूल उभा राहत होता. नदीच्या तळाशी, 90 फुटांहून खोल, दाबाची हवा भरलेल्या बंद पेटीत माणसं खोदकाम करत. पाळी संपली की तळाशीच असलेल्या हवाबंद खोलीत काही मिनिटांत दाब उतरवला जाई आणि थकलेला मजूर गोल जिना चढून वर येई. एवढी चढण, आणि तीही नेमक्या नको त्या वेळी. कुणाचे पाय लुळे पडले, कुणी पोट धरून कोसळलं, डझनाहून अधिक माणसं गेली. कामावरचे डॉक्टर अल्फाँस जॅमिने स्वतः खाली जाऊन आले, तर त्यांनाही पक्षाघाताचा झटका आला. ते वाचले. दोष मुख्यतः घाईने उतरवलेल्या दाबाचा होता, पण त्या जिन्याने भर घातली असणार, असं आजच्या ज्ञानावरून म्हणता येतं.

विज्ञानाने मात्र याबाबत सरळ उत्तर दिलं नाही. क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात झेल्को दुयिच आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं डायव्हरांच्या हृदयातले बुडबुडे पाहत आले आहेत. 2005 साली त्यांनी लिहिलं की डाइव्हनंतर व्यायाम करवूनही बुडबुडे फुप्फुसं ओलांडताना दिसले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनाच असं आढळलं की 30 मीटरच्या डाइव्हनंतर जोराचा व्यायाम करताना शिरांतले बुडबुडे चक्क कमी होतात. हे वाचून कुणीही खूश होऊन धावायला निघेल. पण शिरांतून बुडबुडे कमी झाले, तर ते विरले की पलीकडे गेले? 2013 साली याच गटाने 18 मीटरच्या डाइव्हनंतर पुन्हा पाहिलं, तेव्हा स्वस्थ बसलेल्यांपेक्षा व्यायाम करताना कितीतरी जास्त जणांत बुडबुडे धमन्यांच्या बाजूला पोचलेले दिसले. आपलाच आधीचा निष्कर्ष पुन्हा तपासून उलटा मांडणारे संशोधक मला जास्त भरवशाचे वाटतात.

गंमत अशी की तोच घाम दुसऱ्या वेळी उपकारक ठरतो. नॉर्वेतल्या ट्रोनहाइममध्ये उंदरांवर आणि नंतर स्प्लिटच्या साथीने माणसांवर झालेल्या प्रयोगांत, डाइव्हच्या सुमारे 24 तास आधी चांगला व्यायाम केलेल्यांत बुडबुडे कमी आढळले. अंतराळवीर तर 2001 पासून काही वर्षं स्पेसवॉकच्या तयारीत शुद्ध प्राणवायू ओढत सायकल मारत असत, कारण रक्ताभिसरण वाढलं की नायट्रोजन लवकर धुऊन निघतो. पण हे सगळं दाब उतरण्याच्या आधी. दाब उतरल्यावर हिशेब उलटतो. म्हणून ज्याला धावायचंय त्याने आदल्या दिवशी धावावं. डाइव्ह संपल्यावर रमतगमत चालणं, हातपाय मोकळे करणं एवढं पुरे.

किती थांबायचं? विमानासाठी आकडे पक्के आहेत. डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या शिफारशीनुसार एकच साधी डाइव्ह असेल तर किमान 12 तास, एकाहून अधिक डाइव्ह किंवा सलग काही दिवस असतील तर किमान 18 तास. व्यायामाला इतका ठाशीव आकडा नाही. सावध सल्ला 24 तासांचा आहे, आणि सुट्टीवर असताना एक दिवस जिम बुडाल्याने कुणाचे दंड उतरत नाहीत. वजनं उचलणं सर्वांत वाईट, चढावर धावणं त्याच्या खालोखाल. स्कूबानंतर लगेच श्वास रोखून पाण्यात बुड्या मारू नयेत, कारण दाबाखाली बारीक झालेले बुडबुडे गाळणीतून निसटतात. आणि गडाच्या बाबतीत दमछाकीच्या जोडीला उंचीही येते. घाटमाथ्यावरची आंबोली समुद्रसपाटीपासून 690 मीटरच्या आसपास आहे. खोल डाइव्ह करून दोन तासांत घाट चढणारी गाडी तुम्हाला न दमवताही आजूबाजूचा दाब उतरवत असते. कोकणातून देशावर परतणाऱ्यांनी किनाऱ्यावरचा मुक्काम आणखी एक रात्र वाढवावा.

या सगळ्यात ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते म्हणजे बोटीवरचे गाइड. पाहुण्याची एक खेप, गाइडच्या दिवसभरात अनेक. प्रत्येक खेपेला खाली-वर, आणि दोन खेपांच्या मध्ये चौदा-पंधरा किलोंचे सिलिंडर उचलायचे, नांगर ओढायचा, दमलेल्या पाहुण्याला शिडीवरून वर घ्यायचं. खोली कमी असते म्हणून निभावतं. तरी सिलिंडर वाहायला बोटीवर वेगळा माणूस ठेवणं ही केंद्रचालकांना परवडणारी गोष्ट आहे, आणि पाहुण्यांनी आपलं सामान पाण्यातच उतरवून वर दिलं तर त्यांचे स्वतःचेही गुडघे वाचतील.

व्यायामाचा आणखी एक तोटा आहे, तो निदानाचा. या बुडबुड्यांमुळे होणाऱ्या आजाराची, म्हणजे डिकॉम्प्रेशन सिकनेसची लक्षणं बहुधा पहिल्या काही तासांत आणि जवळपास नेहमी 24 तासांच्या आत दिसतात. खांदा किंवा कोपर खोलवर ठणकतं, त्वचेवर जांभळट नक्षी उमटते, मुंग्या येतात, अकारण गळून गेल्यासारखं होतं. जिममधून आलेला माणूस खांदा चोळत मलम लावतो आणि झोपतो. अशा वेळी आडवं व्हावं, मिळेल तितक्या लवकर शुद्ध प्राणवायू घ्यावा आणि दाबकक्षाची सोय असलेल्या रुग्णालयाला फोन लावावा. आणि गावात परतल्यावर काही दुखू लागलं, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आधी सांगा: काल मी समुद्रात इतक्या मीटरवर, इतका वेळ होतो. समुद्रापासून दूरच्या दवाखान्यात डाइव्ह केली होती का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.