हिऱ्याचा कागद

ऑपेरा हाऊसमधलं गाणं कधीच थांबलं होतं, तरी त्या नावाचा दबदबा कमी झाला नव्हता. राजा पंचम जॉर्ज यांनी १९११ साली ज्याचं उद्घाटन केलं ते नाट्यगृह १९९३ला बंद पडलं आणि २०१६पर्यंत बंदच राहिलं. पण सुरतेत किंवा अँटवर्पमध्ये कुणी 'ऑपेरा हाऊस' म्हणालं, तर डोळ्यांपुढे यायची ती पंचरत्न ही इमारत, प्रसाद चेंबर्स, आणि टाटा रोडच्या फुटपाथवर उभ्याउभ्या तळहातावर कागदाची पुडी उघडणारे दलाल. गिरगावच्या चाळीतल्या मराठी माणसाचा या बाजाराशी संबंध आला तो बहुधा बँकेच्या काउंटरमागून, कस्टमच्या नोकरीतून, नाहीतर संध्याकाळच्या गर्दीला वैतागून. हाकेच्या अंतरावर कोट्यवधींचा माल शर्टाच्या आतल्या खिशातून फिरतो, याचं ठाकूरद्वारला कुणाला फारसं अप्रूप नसे.

धंद्याची रीत साधी होती. अँटवर्पहून रफ, म्हणजे कच्चा हिरा, विमानानं मुंबईत यायचा. इथे चाळण्यांतून आकार वेगळे व्हायचे, मग रंग, मग डाग. निवडलेला माल अंगडियाच्या, म्हणजे विश्वासातल्या खाजगी निरोप्याच्या, हाती रात्रीच्या गाडीनं सुरत-नवसारीला रवाना व्हायचा आणि पैलू पडून परत मुंबईत यायचा. पालनपूरच्या जैन घराण्यांनी ही घडी बसवली. बारीक माल, थोडं मार्जिन आणि शब्दावर उधारी, एवढ्या भांडवलावर त्यांनी जग पादाक्रांत केलं. नगावर मोजलं तर आज जगातल्या दहा हिऱ्यांपैकी नऊ तरी भारतात घडतात.

रफ अँटवर्पला कुठून येतो, हे विचारायची पद्धत मात्र नव्हती. पाकिटावर शेवटच्या विक्रेत्यानं जे लिहिलं तेच मूळ. १९९४ ते १९९८ या पाच वर्षांत बेल्जियमच्या आयातीच्या वहीत लायबेरियाच्या नावावर ३ कोटी १० लाख कॅरटहून जास्त रफ चढला. लायबेरियाच्या खाणींची ताकद वर्षाला एक ते दीड लाख कॅरटची! उरलेल्या मालात शेजारच्या सिएरा लिओनच्या बंडखोरांचे हिरे होते, आणखीही कुठकुठले होते. नाव तेवढं लायबेरियाचं.

या ३ कोटी १० लाख कॅरटचं वजन किती? कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. हिशेब केला तर भरतात ६,२०० किलो. पाच वर्षांतला सगळा माल दोन लहान मालवाहू विमानांत आरामात मावला असता. युद्धखोरांना हिरा प्रिय असतो तो यासाठीच. बंदुका टनावारी आणाव्या लागतात, त्यांची किंमत मात्र खिशातून नेता येते.

बंदुकाही चोरवाटेनं येत होत्या असं नाही. मार्च १९९९मध्ये युक्रेनमधून ६८ टन शस्त्रास्त्रं बुर्किना फासोच्या वागाडूगू विमानतळावर रीतसर उतरली. सोबत बुर्किना फासो सरकारचा अंतिम वापरकर्त्याचा दाखला होता. माल आमच्या सैन्यासाठीच आहे, पुढे कुणाला देणार नाही, अशी ती हमी. त्यातला बराचसा काही दिवसांतच लायबेरियाला गेला. काही खेपा मारल्या एका बीएसी-१११ जेटनं, जे पूर्वी एका अमेरिकन बास्केटबॉल संघाच्या दिमतीला होतं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी डिसेंबर २०००च्या अहवालात ही साखळी उलगडली, त्यात रशियन शस्त्रतस्कर व्हिक्टर बूटच्या विमानांचाही समाचार घेतला. सोव्हिएत संघ मोडल्यावर अँतोनोव्ह, इल्युशिन मिळेल त्या भावाला निघाली होती, वैमानिक बेकार होते, आणि विमानाची नोंदणी हव्या त्या देशात करून मिळत होती.

असं एक विमान मुंबईनंही पाहिलं आहे. १७ डिसेंबर १९९५च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात पॅराशूटनं पेट्या पडल्या. त्यांत शेकडो एके-४७ होत्या आणि गोळ्या दहा लाखांहून जास्त. टाकणारं विमान होतं अँतोनोव्ह-२६. दोन टर्बोप्रॉप इंजिनं, साडेपाच टनांपर्यंत माल, आणि याची खरी करामत म्हणजे मागचा उताराचा दरवाजा. तो सरकून पोटाखाली जातो, त्यामुळे ट्रक थेट शेपटीला लावून माल चढवता येतो आणि हवेत उघडून खालीही सोडता येतो. सैन्यासाठी केलेली सोय तस्करालाही तितकीच सोयीची. एक उणीव होती. भरलेलं अँतोनोव्ह फार लांब जात नाही, वाटेत तेल घ्यावंच लागतं. म्हणून बल्गेरियातल्या बुर्गासहून निघून ते कराची, वाराणसी असं उतरत उतरत आलं, पुरुलियावर पेट्या टाकून कोलकात्याला गेलं आणि तिथून फुकेतला. प्रत्येक ठिकाणी उड्डाणाचा आराखडा, विमानतळाचं भाडं, तेलाचं बिल. लपूनछपून काहीच नव्हतं. शस्त्रांचा दाखला होता बांगलादेशच्या नावाचा. ब्रिटिशांकडून आलेला इशारा दिल्लीहून पश्चिम बंगाल सरकारला कळवला गेला, तोही रजिस्टर्ड टपालानं, आणि पत्र पोचलं तेव्हा पेट्या पडून गेल्या होत्या. सरकारी कागदाच्या वेगाबद्दल याहून जास्त काय बोलावं!

चारच दिवसांनी तेच विमान चेन्नईहून कराचीकडे निघालं असताना हवाई दलानं त्याला मुंबईच्या सहार विमानतळावर उतरवलं. ब्रिटिश शस्त्रविक्रेता पीटर ब्लीच आणि पाच वैमानिक-कर्मचारी पकडले गेले. मुख्य आरोपी, किम डेव्ही म्हणून वावरणारा डॅनिश निल्स होल्क, विमानतळावरूनच निसटला. त्याला भारताच्या हवाली करायला डॅनिश न्यायालयांनी २०११मध्ये नकार दिला, २०२४मध्ये पुन्हा दिला.

हिऱ्यांच्या बाजूनं उपाय निघाला तोही कागदाचाच. मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किम्बर्लीत बैठक झाली आणि १ जानेवारी २००३पासून किम्बर्ली प्रक्रिया लागू झाली. रफची पेटी सीलबंद हवी, सोबत सरकारमान्य दाखला हवा, तो नसेल तर सदस्य देशांनी माल घ्यायचा नाही. भारत पहिल्यापासून यात आहे, २००८ आणि २०१९मध्ये अध्यक्षही होता. इथे दाखले देण्याचं काम १९६६साली स्थापन झालेल्या जेम अँड ज्वेलरी एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलकडे आलं. तिचं कार्यालय तेव्हा लॅमिंग्टन रोडवरच्या डायमंड प्लाझात, पंचरत्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. आफ्रिकेतल्या लढाया ऑपेरा हाऊसच्या टेबलावर येऊन पोचल्या त्या अशा, फॉर्मच्या रकान्यांमधून.

दाखल्यानं काहीच साधलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. बंडखोरांचा रफ उघडपणे विकणं अवघड झालं. पण किम्बर्लीची व्याख्या फार अरुंद आहे. वैध सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारा हिरा, तोच 'संघर्षाचा हिरा'. सरकारनंच बंदूक चालवली तर तो हिरा स्वच्छ! झिम्बाब्वेच्या मारांगे खाणींत सैन्यानं खाणकऱ्यांवर गोळ्या चालवल्या, त्यानंतरही तिथल्या निर्यातीला वाट मिळाली. तेव्हा ग्लोबल विटनेस ही संस्था, जिनं हा प्रश्न पहिल्यांदा जगापुढे मांडला होता, २०११मध्ये प्रक्रियेतून बाहेर पडली. दुसरी गोम बाजाराच्या रीतीतच आहे. माल चाळणीतून जातो तेव्हा आकार वेगळे होतात आणि देश एकत्र होतात. पुढच्या दाखल्यावर मग 'मिश्र मूळ' असं लिहिता येतं, आणि ते नियमात बसतं. आणि पैलू पडले की दाखला संपलाच, कारण किम्बर्लीचा कारभार फक्त रफपुरता.

बाजार मात्र अजून ऑपेरा हाऊसच्या फुटपाथवरच भरत होता. १३ जुलै २०११च्या संध्याकाळी सात वाजण्याच्या सुमारास प्रसाद चेंबर्सजवळ स्फोट झाला. त्याच काही मिनिटांत झवेरी बाजार आणि दादरही हादरलं. पंचवीसहून अधिक माणसं गेली. फुटपाथवर घोळक्यानं उभं राहून व्यवहार करायची सवयच तिथे जीवघेणी ठरली. आदल्या वर्षीच वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झालं होतं. जायला कुरकुरणारे व्यापारी त्यानंतर झपाट्यानं हलले. लोखंडी फाटक, ओळखपत्र, आतच कस्टम. ऑपेरा हाऊसमधल्या कार्यालयांची भाडी उतरली.

जे किम्बर्लीनं कधी विचारलं नाही ते आता गिऱ्हाईक विचारू लागलंय. रशियाचा हिरा किम्बर्लीच्या व्याख्येत बसत नाही, कारण तिथे युद्ध सरकारच करतं. म्हणून जी-७ देशांनी वेगळी बंदी घातली. मार्च २०२४पासून एक कॅरट आणि त्यावरचा, तर सप्टेंबरपासून अर्धा कॅरट आणि त्यावरचा रशियन हिरा कुठेही घडवलेला असला तरी तिथे चालत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या निर्यातदाराला पैलू पडलेल्या हिऱ्याचीही वंशावळ ठेवावी लागते. अँटवर्पमधूनच तपासणी व्हावी ही कल्पना पुढे आली तेव्हा भारतीय व्यापारी खवळले होते, आणि मला वाटतं, त्यात त्यांचं चुकलं नाही. लायबेरियाच्या नावानं कोट्यवधी कॅरट ज्यांनी वहीत चढवले, तेच पुन्हा पहारेकरी कसे? अर्ध्या कॅरटच्या खाली मात्र अजून कुणी काही विचारत नाही. सुरतेत पैलू पाडायच्या घंटीवर चढणारा बहुतेक माल त्याहून बारीक असतो.