कमी पैशात वेगवान रॅम : ओव्हरक्लॉकिंगसाठी काय घ्यावे, आदिलाबादच्या उन्हात काय टिकेल

आदिलाबाद : कॉम्प्युटरची रॅम स्वस्त होती तेव्हा 'थोडी चुकली तरी चालेल' असे म्हणता येत होते. आता तसे राहिलेले नाही. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव जगभर चढले. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे कंपन्यांनी उत्पादन वळवले, हे त्यामागचे मोठे कारण. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉन कंपनीने साध्या ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. आपल्याकडच्या दुकानांत हा ब्रँड वर्षानुवर्षे खपत आला आहे.

अशा वेळी आहे त्या पैशात जास्त वेग काढायचा, तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार डोक्यात येतोच. गेम खेळणारी कॉलेजची पोरे असोत, की लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा स्टुडिओवाला. पण यात नेमके काय घ्यायचे, कुठे पैसा वाया जातो आणि कुठे काम बिघडते, हे आधी समजून घेतलेले बरे.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रत्येक रॅमचा एक ठरलेला, मानकाप्रमाणे असलेला वेग असतो. डीडीआर४ मध्ये तो १६०० पासून ३२०० पर्यंत असतो आणि त्यासाठी १.२ व्होल्ट वीज लागते. त्यापेक्षा जास्त वेगाने किंवा जास्त घट्ट टायमिंगवर रॅम चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

हे करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सोपा : रॅममध्येच कंपनीने भरून ठेवलेली सेटिंग बायोसमधून चालू करायची. इंटेलकडे तिला एक्सएमपी म्हणतात, एएमडीने डीडीआर५ साठी २०२२ मध्ये एक्स्पो आणले. डीडीआर४ मध्ये ही सेटिंग बहुधा १.३५ व्होल्टवर चालते. दुसरा मार्ग हाताने आकडे बदलण्याचा. त्यात वेळ जातो, धीर लागतो आणि यश चिपवर अवलंबून असते.

एक लक्षात असू द्या. एक्सएमपी किंवा एक्स्पो हे नुसते एक बटण वाटले, तरी प्रोसेसरच्या अधिकृत वेगापुढे गेले की इंटेल आणि एएमडी दोघेही त्याला ओव्हरक्लॉकिंगच धरतात.

आधी मदरबोर्ड बघा, मग रॅम

सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. महागडी ३६०० ची रॅम आणली, लावली आणि ती २६६६ वरच अडकली. दोष रॅमचा नसतो, बोर्डाचा असतो.

इंटेलच्या स्वस्त बोर्डांवर, म्हणजे एच३१०, बी३६०, बी३६५, एच४१०, बी४६०, एच५१० आणि एच६१० वर रॅम ओव्हरक्लॉक होत नाही. उदाहरणार्थ, एच४१० बोर्डावर आय५-१०४०० प्रोसेसर असेल तर रॅम २६६६ च्या पुढे जात नाही. २०२१ मध्ये आलेल्या बी५६० पासून बी-मालिकेच्या बोर्डांवर ही सोय मिळाली. एएमडीकडे बी३५०, बी४५०, बी५५० या मधल्या दराच्या बोर्डांवर ती पहिल्यापासूनच आहे.

ऑफिसांतून निघालेले जुने ब्रँडेड डेस्कटॉप रिफर्बिश्ड म्हणून स्वस्तात मिळतात. त्यातल्या बहुतेकांच्या बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवायचा पर्यायच नसतो. अशा मशीनला वेगवान रॅमऐवजी साधी रॅम आणि एक एसएसडी बसवणे फायद्याचे.

नुसत्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका

दुकानात '३२०० ची आहे ना, झालं मग' असे म्हटले जाते. पण ३२०० च्या दोन रॅममध्येही फरक असतो. पाकिटावर सीएल नावाचा आकडा असतो. मागणी केल्यापासून डेटा हाती येईपर्यंत किती फेऱ्या लागतात, ते तो सांगतो. हिशेब सोपा आहे : सीएलला २००० ने गुणायचे आणि रॅमच्या वेगाने भागायचे. उत्तर नॅनोसेकंदात येते. ते जितके कमी, तितके चांगले.

- २६६६, सीएल १९ : सुमारे १४.२५
- ३२००, सीएल २२ : १३.७५
- ३२००, सीएल १६ : १०
- ३६००, सीएल १८ : १०
- डीडीआर५ ४८००, सीएल ४० : सुमारे १६.७
- डीडीआर५ ६०००, सीएल ३० : १०

म्हणजे ३२०० सीएल १६ आणि ३६०० सीएल १८ यांची वाट बघण्याची वेळ सारखीच. ३६०० मध्ये डेटा जास्त वाहतो हे खरे, पण भावात मोठा फरक असेल तर ३२०० सीएल १६ घेणाऱ्याचे फारसे नुकसान नाही. उलट, ३२०० सीएल २२ ची हिरव्या पट्टीची साधी रॅम १.२ व्होल्टवर आपोआप ३२०० ला चालते, तिच्यात बहुधा एक्सएमपी नसते. ज्यांना बायोसला हात लावायचा नाही, त्यांच्यासाठी ती ठीक आहे.

एएमडीच्या रायझन ३००० आणि ५००० मालिकेत ३६०० च्या आसपास थांबावे. त्यापुढे प्रोसेसरच्या आतली जोडणी रॅमच्या तालात चालत नाही आणि आकडा वाढूनही काम मंदावू शकते. रायझन ७००० साठी ६००० हा समाधानाचा आकडा आहे.

एक मोठी की दोन छोट्या?

दोन. १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात, म्हणजे ड्युअल चॅनल चालते. ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा वाहते, दोन मिळून ५१.२ जीबी. हा फायदा कुठल्याही ओव्हरक्लॉकिंगपेक्षा मोठा आहे आणि त्यात धोका काहीच नाही.

वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला, जसे रायझन ५ ५६००जी, याचा सर्वात जास्त उपयोग होतो. कारण त्यातले ग्राफिक्स हीच रॅम वापरते. वेगवान रॅमचा फायदाही याच मशीनवर गेममध्ये चटकन दिसतो. व्हिडिओ एक्सपोर्टला तो थोडा होतो आणि टॅली किंवा ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या कामात जवळपास काहीच नाही.

दोन्ही स्टिक एकाच पाकिटातल्या घ्या. आज एक घेऊ, पुढच्या महिन्यात दुसरी घेऊ, असे केले तर ब्रँड तोच असूनही आतली चिप वेगळी निघू शकते. रॅमवर नाव कुणाचेही असो, चिप मुख्यतः सॅमसंग, मायक्रॉन आणि एसके हायनिक्स या तिघांच्याच असतात. सॅमसंगची बी-डाय घट्ट टायमिंगसाठी नावाजलेली, तर मायक्रॉनची ई-डाय कमी पैशात जास्त वेगासाठी.

उन्हाचा प्रश्न

पुण्या-मुंबईच्या माणसाने दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. आदिलाबाद, किनवट, पांढरकवडा, राजुरा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक बारीकसा विजेचा साठा. तो सतत गळत असतो, म्हणून रॅम त्याला पुन्हा पुन्हा भरते. साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा. उष्णता वाढली की गळती वाढते. मानकाप्रमाणेच ८५ अंशांपुढे हे भरणे दुप्पट वेळा करावे लागते. ओव्हरक्लॉक केलेल्या रॅमकडे मुळातच सवलत कमी उरते. त्यामुळे जानेवारीच्या थंडीत महिनाभर बिनतक्रार चाललेली सेटिंग मे महिन्यात दुपारी दोनला कोसळू शकते.

म्हणून इथे १.३५ व्होल्टवर थांबणे शहाणपणाचे. रॅमवर धातूचे कवच असलेले बरे, पण त्याहून महत्त्वाचा कॅबिनेटमधला पंखा. रंगीत दिव्यांसाठी जास्तीचे पैसे देऊन वेग वाढत नाही.

तपासणी टाळू नका

मशीन सुरू झाली, गेम चालला, म्हणजे रॅम ठीक आहे असे नाही. रॅमची चूक बऱ्याचदा गुपचूप होते. फाइल कॉपी होते, पण आतला एखादा बिट बदललेला असतो. गेम बंद पडला तर पुन्हा सुरू करता येतो. लग्नाचे शूटिंग खराब झाले तर ते लग्न पुन्हा लावता येत नाही.

मेमटेस्ट८६ हे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून मशीन त्यावरून सुरू करा आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक दिसली तर वेग एक पायरी खाली आणा. 'एकच तर आहे' म्हणून सोडू नका. ही तपासणी रात्री गारव्यात न करता भर दुपारी करा. तोपर्यंत गिऱ्हाईकाचा डेटा त्या मशीनवर ठेवू नका.

सेटिंग चुकून मशीन सुरूच झाली नाही तर घाबरू नका. बोर्डावरचा सीमॉस क्लिअर केला की ती मूळ सेटिंगवर येते. बायोस अपडेट मात्र यूपीएसवरच करा. मध्येच लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

खरेदी करताना

कुणी नागपूरच्या सीताबर्डीतून आणतो, कुणी सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून, कुणी ऑनलाइन मागवतो. कुठूनही घ्या, पक्के बिल घ्या. बऱ्याच ब्रँडच्या रॅमवर 'लाइफटाइम' वॉरंटी लिहिलेली असते, पण बिल नसेल तर ती मागताना अडचण येते.

रॅमवर १८ टक्के जीएसटी आहे. तेलंगणात जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओने महाराष्ट्रातून माल घेताना बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा आणि आयजीएसटी लागला आहे का ते बघावे. बिलात महाराष्ट्राचा एसजीएसटी लागला असेल तर त्याचे क्रेडिट तेलंगणात मिळत नाही. पलीकडून इकडे खरेदीला येणाऱ्यांनाही हेच लागू. शंका असल्यास आपल्या अकाउंटंटला आधी विचारावे.

घरी आल्यावर सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रॅमचा ब्रँड, वेग आणि एक्सएमपी तपासा. तिथे ३२०० च्या रॅमला १६०० दिसेल. यात फसवणूक नाही, डीडीआर प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा पाठवते म्हणून तो आकडा निम्मा दिसतो.

थोडक्यात क्रम

आधी एसएसडी. मग १६ जीबी, ८ च्या दोन स्टिक. मग बोर्ड परवानगी देत असेल तर एक्सएमपी असलेली ३२०० सीएल १६. एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते. हाताने आकडे चढवण्याचा नाद ज्यांना आहे, त्यांनी तो रिकाम्या वेळी, आपल्या स्वतःच्या मशीनवर करावा. आणि थंडीत बसवलेली सेटिंग असेल, तर होळी झाली की मेमटेस्ट पुन्हा एकदा चालवून बघावी.