ओठ ‘ऊ’चे, जीभ ‘ई’ची

इंग्रजी बोलणारे फ्रेंच शिकताना धास्ती घेतात ती पडजिभेपाशी घासत येणाऱ्या ‘र’ची. तो सरावाने बसतो. खरी गोची स्वरांत आहे.

जीभ ‘ई’ म्हणताना असते तशी पुढे ठेवायची आणि ओठांचा मात्र ‘ऊ’सारखा चंबू करायचा, असा एक स्वर फ्रेंचमध्ये आहे. आजच्या प्रमाण इंग्रजीत तो नाही, म्हणून तिथे साधा ‘ऊ’ येतो. मग ‘द्स्यू’ (वर) म्हणायला जावं आणि तोंडून ‘द्सू’ (खाली) निघावं! ‘काफे’तला ‘ए’ही इंग्रजी वळणाने ‘एइ’ होतो. फ्रेंच ‘ए’ जागचा हलत नाही.

‘पारी’ (म्हणजे पॅरिस, शेवटचा ‘स’ मूक) म्हणताना ओठांसमोर कागदाची पट्टी धरा. इंग्रजी ‘प’ने ती फडफडते, फ्रेंच ‘प’ने जवळजवळ हलत नाही. क-ख, त-थ वेगळे ठेवणाऱ्या मराठी जिभेला ही सूट फुकटात मिळते.

मूक अक्षरं कायमची मूक नसतात, हे आणखी एक. ‘ले’ या अनेकवचनी उपपदापुढे ‘आमी’ (मित्र) आलं की दडलेला ‘स’ जागा होऊन ‘लेझामी’ ऐकू येतं.