नैराश्याचे उपचार आणि एनडीएचे स्वप्न

काही दिवसांपूर्वी एक शिक्षक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा बारावीत शिकणारा. सातवीपासून त्याच्या टेबलासमोर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे म्हणजे एनडीएचे चित्र लावलेले. अकरावीत असताना तो हळूहळू गप्प झाला. पहाटे तीनला जाग यायची, जेवण तुटले, मैदानावर जाणे बंद झाले. 'माझा कुणाला काही उपयोग नाही' असे बोलू लागला, तेव्हा घरच्यांनी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. निदान झाले नैराश्याचे, म्हणजे डिप्रेशनचे. औषधे सुरू झाली आणि दोन-अडीच महिन्यांत मुलगा पुष्कळ सुधारला.

वडिलांच्या मागण्या दोन होत्या. "डॉक्टरसाहेब, गोळ्या आता बंद करा. आणि ही फाईल मी जाळून टाकतो. मेडिकलला कळले तर पोराचे आयुष्य वाया जाईल."

हा प्रश्न अनेक घरांत आहे. म्हणून आज त्याचाच विचार करू.

आजार म्हणजे नेमके काय?

परीक्षेत मार्क कमी पडले, घरात कुणी गेले, की मन उदास होते. तो आजार नव्हे. पण उदासी, कशातही रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, थकवा, अपराधीपणा, मरणाचे विचार यांपैकी बरीच लक्षणे दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोज राहिली आणि नेहमीची कामे अडू लागली, तर ते नैराश्य असू शकते. यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटू लागल्यावरही त्या साधारणपणे निदान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात. मध्येच सोडल्या तर आजार उलटण्याचा धोका असतो. या गोळ्यांचे दारूसारखे व्यसन लागत नाही, पण त्या एकदम तोडू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात.

तेव्हा मेडिकलसाठी गोळ्या बंद करणे हे पहिले चुकीचे पाऊल.

नियम काय सांगतात?

खोटी आशा लावणे बरे नव्हे, म्हणून स्पष्टच सांगतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या एनडीए परीक्षेच्या जाहिरातीला वैद्यकीय मापदंड जोडलेले असतात. पूर्वी मानसिक आजार झालेला असेल तर त्याची सविस्तर चौकशी आणि मनोविकारतज्ज्ञांची तपासणी व्हावी, असे त्यांत म्हटले आहे. आणि अशा उमेदवारांना सामान्यतः नाकारले जाते. तपासणी करणारे डॉक्टर याबद्दल थेट प्रश्न विचारतात. जवळच्या नातेवाइकांच्या मानसिक आजाराचीही चौकशी होते. वारंवार निद्रानाश, झोपेत चालणे, अंथरूण ओले होणे, यांचाही विचार होतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लेखी परीक्षेनंतर पाच दिवसांची एसएसबी असते. तिच्यात चित्रावरून गोष्ट लिहिणे, शब्द पाहून मनात येणारे वाक्य लिहिणे अशा चाचण्या असतात. त्या घेणारा मानसशास्त्रज्ञ अधिकाऱ्याचे गुण शोधतो. आजाराचे निदान करत नाही. आरोग्याचा निर्णय एसएसबीत निवड झाल्यानंतर लष्करी वैद्यकीय मंडळ करते. अपात्र ठरल्यास ठराविक मुदतीत अपील मंडळाकडे जाता येते. खासगी डॉक्टरचा दाखला विचारासाठी जोडता येतो, पण तो मंडळावर बंधनकारक नसतो.

एवढी कडक भूमिका का?

नैराश्य एकदा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना ते पुढे कधीतरी पुन्हा होते. लष्करी प्रशिक्षणात अपुरी झोप, अतिश्रम आणि घरापासूनचा दुरावा हे रोजचेच. पुढे नेमणूक दुर्गम चौकीवर, जिथे मनोविकारतज्ज्ञ दिवसेंदिवस भेटणार नाही. आणि हातात शस्त्र, हाताखाली जवान. अशा ठिकाणी आजार उलटला तर किंमत मोठी पडते. शिवाय प्रशिक्षणातला कॅडेट हा कमिशन मिळालेला अधिकारी नसतो. आजारामुळे प्रबोधिनीतून घरी परतलेल्यांना माजी सैनिकांचा दर्जा मिळत नाही. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दारसुद्धा त्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये उघडले.

लपवले तर?

फाईल जाळली तरी आजाराचा इतिहास जळत नाही. मंडळापुढे लेखी माहिती द्यावी लागते. ती खोटी निघाली तर निवड रद्द होऊ शकते, पुढेही अडचण येऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे, ज्याने आजार लपवून प्रवेश घेतला तो आजार उलटला तरी मदत मागायला घाबरतो. तिथेच जीव धोक्यात येतो.

मग करावे काय?

पहिले, उपचार पूर्ण करा. दुसरे, निदान लेखी घ्या. आपल्याकडे 'टेन्शन', 'अशक्तपणा', 'डिप्रेशन' हे शब्द सैलपणे वापरले जातात. परीक्षेच्या काळातला तात्पुरता ताण आणि औषधे लागलेले नैराश्य यांत फरक आहे. निदान काय होते, औषधे कोणती, कधी सुरू झाली, कधी थांबली, त्यानंतर तब्येत कशी राहिली, हे मनोविकारतज्ज्ञांकडून लिहून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला आपले कागद मागण्याचा हक्क दिला आहे. काही अपवाद सोडता डॉक्टरांना ती माहिती गुप्त ठेवावी लागते. तिसरे, अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाच्या जाहिरातीतील मापदंड स्वतः वाचा. चौथे, विचारले तर खरे सांगा. पाचवे, दुसरा रस्ता आधीच आखून ठेवा. अभियंता किंवा शास्त्रज्ञ होऊन संरक्षण संशोधनातही देशाचे काम करता येते. त्या त्या नोकरीचे वैद्यकीय नियम मात्र वेगळे पाहावेत.

आणि ज्यांच्या घरी मूल सध्याच गप्प झाले आहे, त्यांनी 'मेडिकलला अडचण येईल' म्हणून उपचार लांबवू नयेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा. तिथे मराठीत बोलता येते. मूल मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

वडील बाहेर औषधे घ्यायला गेले, तेव्हा मुलाने हळूच विचारले, "डॉक्टर, म्हणजे मी भित्रा ठरलो का?" मी त्याला म्हटले, "बाळ, ज्याची दृष्टी नियमात बसत नाही त्याला आपण भित्रा म्हणतो का? हाही तसाच नियम आहे. तो नोकरीचा आहे, तुझ्या धैर्याचा नाही. पहाटे तीनला एकटा जागा राहून तू टिकलास आणि औषध घ्यायला तयार झालास, याला धैर्यच लागते."

फाईल त्याने स्वतःच पिशवीत ठेवली. गोळ्या चालू आहेत.