पत्रांची दुसरी प्रत

सर्व्हरवरचे टपाल कायम सुरक्षित असते का? २७ फेब्रुवारी २०११ रोजी जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांनी टपालपेटी उघडली, तो ती रिकामी! नव्या सॉफ्टवेअरमधील दोषाने अनेक ठिकाणच्या प्रती एकदमच गेल्या होत्या. पत्रे परत मिळाली ती चुंबकीय फितींवरून. कारण फिती सर्व्हरपासून अलग होत्या, दोष तेथे पोचलाच नाही.

घरीही हेच तत्त्व पाळावे. आयमॅप पद्धतीत सर्व्हर व संगणक यांचा मेळ सतत राखला जातो. म्हणून सर्व्हरवरचे पत्र पुसले, की संगणकावरचेही जाते! थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये पत्रे ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करावीत, मग त्यांचा सर्व्हरशी संबंध उरत नाही. शेवटी इंटरनेट बंद करून एखादे जुने पत्र उघडून पाहावे. उघडले, तरच प्रत खरी!