बोंडअळी आणि गुंतागुंतीचे शास्त्र

जिंतूर तालुक्यातले चारठाणा हेमाडपंती मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. शिवारात मात्र बोलणे निघते ते कापसाचे. याच कापसाच्या आधारे एक मोठा प्रश्न तपासता येतो. हवामान, बाजार, शरीर, पीक अशा सगळ्या गुंतागुंतीच्या व्यवस्थांना लागू पडणारा एकच सिद्धान्त असू शकतो का? आणि असला, तरी शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? लुडविग फॉन बर्टालान्फी यांनी १९६८ साली अशा सिद्धान्तावर ग्रंथच लिहिला. त्याला हवेतल्या गप्पा म्हणणारेही पुष्कळ आहेत.

आता बोंडअळीचेच पाहा. आपल्याकडे बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये त्यात दुसरा जनुक आला. सिद्धान्त एवढेच सांगतो, की ज्या व्यवस्थेतले घटक बदलू शकतात तिच्यावर सतत एकच दाब टाकला, तर ती त्या दाबाला उत्तर शोधते. म्हणजे अळी कधीतरी हे विष पचवणार. म्हणूनच बियाण्याच्या पिशवीबरोबर बिगर-बीटीचे पाकीट दिले जाई. त्या झाडांवर वाढलेल्या पतंगांशी मीलन होऊन अळीची प्रतिकारशक्ती पातळ व्हावी, हा हेतू. पुष्कळांनी ते पाकीट पेरलेच नाही. पण अळीसाठी पीक सोडा, हे ज्याचे पोट शेतावर त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे?

२०१७ साली शेंदरी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भातला कापूस पोखरला. इशारा खरा ठरला, पण अर्धाच. कारण हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी तशी उलटली नाही. असे का, ते सिद्धान्त सांगत नाही. ते शिवारात कळते. हिरवी अळी तूर-हरभऱ्यावरही जगते. ती शेतेच बिगर-बीटीचे काम करत राहिली. शेंदरी अळीचे पोट मात्र जवळजवळ कापसावरच. त्यात आपण फरदड घेतो, म्हणजे पाणी देऊन तेच पीक उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत लांबवतो. तिला जेवण सुरूच राहते आणि विषाशी ओळखही.

सिद्धान्ताने धोक्याची दिशा दाखवली. कोणती अळी आणि कोणते साल, हे त्याला सांगता आले नाही. अमेरिकेने या दोन्ही ज्ञानांची सांगड घातली. बिगर-बीटीची शिस्त पाळली, वांझ पतंग सोडले आणि २०१८ मध्ये तिथल्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचे जाहीर झाले. आपली शेते लहान, तिथली मोठी; ती नक्कल इथे जमणार नाही. इथे कामगंध सापळे लावणे, फरदड न घेणे आणि वेळेवर पऱ्हाट्या काढणे हेच करावे लागते, आणि तेही शेजाऱ्याने केले तरच.